श्वासातला पाण्याचा वाटा

आत्ता छातीत भरून घेतलेला ऑक्सिजन झाडाने कशातून काढला? ‘कार्बन डायऑक्साइडमधून, कार्बन ठेवून घेतला, ऑक्सिजन सोडून दिला,’ असं शाळेतून बाहेर पडलेले बहुतेक जण सांगतील. शास्त्रज्ञही शंभराहून अधिक वर्षं तसंच मानत होते. ते चुकीचं निघालं. ते सुधारण्यात मोठा वाटा आहे नेदरलँड्सचा. जिथे वर्षाचे कित्येक महिने आभाळ राखाडी असतं, त्या देशातली माणसं उन्हाच्या मागे लागावीत याचं मला भारी अप्रूप वाटतं.

सुरुवात ब्रेडा गावच्या यान इंगेनहाऊझ या डॉक्टरपासून. देवी टोचण्यात त्याचा हातखंडा होता. 1768 मध्ये त्याने व्हिएन्नाला सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या घरच्यांना टोचलं आणि तो राजवैद्य झाला. 1779 च्या उन्हाळ्यात मात्र लंडनजवळ एक घर घेऊन हा गृहस्थ पानं पाण्यात बुडवत बसला. त्याने पाचशेच्या वर प्रयोग केले. मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी सुधारते, हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने आधीच दाखवलं होतं. पण तो प्रयोग कधी साधायचा, कधी फसायचा. इंगेनहाऊझला कारण सापडलं. उन्हात पानांवर बुडबुडे धरतात, अंधारात थांबतात. काम उबेचं नाही, उजेडाचं आहे. तेही फक्त हिरव्या भागांत चालतं. रात्री झाड उलट आपल्यासारखाच श्वास घेतं. (म्हणून खोलीतली कुंडी रात्री बाहेर काढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की शेजारी झोपलेला माणूस हवा कितीतरी जास्त बिघडवतो.)

पण बुडबुड्यातला वायू येतो कुठून?

हार्लेममध्ये 1897 साली जन्मलेला कॉर्नेलिस फान नील डेल्फ्टला शिकला आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला. त्याने हिरवी झाडं बाजूला ठेवली आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या चिखलातले जांभळे जीवाणू हाती घेतले. तेही उजेडावर जगतात, कार्बन डायऑक्साइडपासून आपलं अन्न करतात. पण ऑक्सिजनचा कणही सोडत नाहीत. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि मागे उरतात गंधकाचे कण. फान नीलने दोन्ही समीकरणं शेजारी मांडली. जीवाणूंकडे हायड्रोजन सल्फाइड फुटून गंधक उरत असेल, तर झाडाकडे पाणी फुटून ऑक्सिजन उरत असणार! ऑक्सिजन न सोडणाऱ्या जीवाकडून ऑक्सिजनचं मूळ कळावं, याहून सुंदर तर्क मला विज्ञानात फारसा आढळलेला नाही. 1941 मध्ये अमेरिकेत रूबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शैवालाला पाजलं, तेव्हा बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला.

पाणी फोडणं सोपं नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी वीज लागते. पान ते उन्हात, साध्या हवेच्या तापमानाला करतं. हरितद्रव्यावर प्रकाश पडला की त्यातून एक इलेक्ट्रॉन उसळून निघून जातो. ती रिकामी जागा भरायला पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढला जातो, आणि हे ओढण्याचं काम करतो मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, असा चिमुकला पुंजका. प्रकाशाच्या एकेका फटक्यासरशी तो एक पायरी चढतो. चार फटके झाले की ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. या चार पायऱ्यांचा हिशेब 1970 मध्ये बेसेल कोक या डच माणसाने मांडला.

तरीही एका फटक्यात इलेक्ट्रॉन साखर बनवण्याइतक्या ऊर्जेपर्यंत वर पोचत नाही. लायडनला लुई डाउसेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये एका लाल शैवालावर दोन रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. एका रंगाने सायटोक्रोम या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनातले इलेक्ट्रॉन निघून जात होते, दुसऱ्याने पुन्हा भरत होते. म्हणजे पानात प्रकाशाची दोन यंत्रं आहेत, एकामागे एक. म्हैसाळला कृष्णेचं पाणी जसं टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागात नेतात, तसा इलेक्ट्रॉन दोनदा उचलला जातो. वर पोचल्यावर त्याच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडची साखर बनते.

आज नेदरलँड्सच्या वेस्टलँड भागात काचघरांची शेती क्षितिजापर्यंत पसरली आहे. रॉटरडॅमजवळच्या पर्निस तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड 2005 पासून एका जुन्या, वापरात नसलेल्या तेलवाहिनीतून या भागातल्या काचघरांना पोचवला जातो. रोपांना तो जास्त मिळाला की पीक वाढतं. कारखान्यातून आलेला तो कार्बन टोमॅटोच्या गोडीत मुरतो. त्याच्याबरोबर आलेला ऑक्सिजनही बाहेर पडत नाही. तो साखरेत आणि नव्याने बनलेल्या पाण्यात जातो. काचघराच्या झरोक्यांतून बाहेर येतो तो मुळांनी शोषलेल्या पाण्यातला.