होमस्टेड रस्त्यावरची शाळा

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत १९६२ साली होमस्टेड हायस्कूल उघडलं, तेव्हा त्या खोऱ्यात जर्दाळूच्या बागा अजून शिल्लक होत्या. एकेक बाग तुटत होती, तिथे बैठी घरं उठत होती आणि त्या घरांत लॉकहीड, एचपीसारख्या कंपन्यांतले इंजिनीअर राहायला येत होते. शाळा सरकारी, फी नाही की प्रवेशपरीक्षा नाही. अट एकच, घर शाळेच्या हद्दीत हवं.

या शाळेचं नाव निघालं की लोक लगेच अ‍ॅपलच्या दोन स्टीव्हांवर येतात. वॉझनियाक १९६८ साली शाळेतून बाहेर पडला, जॉब्ज १९७२ साली. म्हणजे दोघे एका बाकावर कधीच बसले नाहीत. १९७१ मध्ये त्यांची गाठ घालून दिली ती बिल फर्नांडिसने. तो वॉझनियाकच्या गल्लीतला, जॉब्जचा मित्र आणि अर्थात होमस्टेडचाच. पुढे तो अ‍ॅपलचा पहिला पूर्णवेळ कर्मचारी झाला.

मला मात्र या गोष्टीत जॉन मॅक्कॉलम हे मास्तर जास्त महत्त्वाचे वाटतात. पूर्वीचे नौदलातले वैमानिक, आता इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षक. वर्ग भरायचा आवाराच्या कडेला, पार्किंगशेजारच्या शेडवजा इमारतीत. मागच्या कोठीत ट्रान्झिस्टर आणि सुटे भाग खच्चून भरलेले, आणि त्या कोठीची किल्ली मर्जीतल्या मुलांच्या हाती. वॉझनियाकला शिकवण्यासारखं आपल्याकडे काही उरलं नाही, हे त्यांनी ओळखलं. शाळेत संगणक नव्हता, म्हणून त्यांनी त्याला आठवड्यातून एकदा सिल्व्हेनिया कंपनीत प्रोग्रॅमिंग करायला पाठवलं. आपल्याला येत नाही ते दुसरीकडे शिकायला पाठवणारा मास्तर! आपल्याकडच्या शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका चाळल्या, तरी असे फार सापडत नाहीत.

जॉब्जचं त्यांच्याशी फारसं पटलं नाही. एका प्रकल्पाला भाग हवा होता, तर या पठ्ठ्याने डेट्रॉइटच्या बरोज कंपनीला कंपनीच्याच खर्चाने फोन लावला. मास्तर भडकले. वर्षभरातच त्याने तो विषय सोडला. तेव्हा ‘जॉब्जला घडवणारी शाळा’ हे बिरुद जरा सैलच बसतं. त्याला घडवण्यात वस्तीचा वाटा मोठा होता. तेराव्या वर्षी टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर काढून थेट एचपीचे संस्थापक बिल ह्यूलेट यांच्याकडे सुटे भाग मागायचे आणि वर एचपीत उन्हाळी नोकरीही मिळवायची, हे त्याच खोऱ्यात घडू शकत होतं.

त्या वस्तीत तो आला कसा? आधीची शाळा सोसवेना, म्हणून त्याने घरी हट्ट धरला. आईवडिलांनी पै-पै गोळा करून लॉस अल्टोसमध्ये २१,००० डॉलरला घर घेतलं, ते क्युपर्टिनोच्या शाळांच्या हद्दीत बसतं म्हणून. अ‍ॅपल ज्या गॅरेजमध्ये सुरू झाली, ते याच घराचं.

ती हद्द आजही आहे. २१,००० ला आता कोणी दारात उभं करणार नाही. इथल्या शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरं महागतात तसा शाळांकडे पैसा येतो, आणि शाळा चांगल्या म्हणून घरं आणखी महागतात. इथे येणारी मराठी कुटुंबंही घर बघताना स्वयंपाकघराच्या आधी शाळेची हद्द विचारतात. बिनफीच्या शाळेची फी अशी घराच्या किमतीत भरावी लागते.

शाळेसमोरचा होमस्टेड रस्ता धरून पूर्वेला निघालं, की अ‍ॅपल पार्कची हद्द लागते. २०१७ साली ते उघडलं. त्यातली बरीचशी जमीन पूर्वी एचपीची होती.