हिरव्या पाण्यातले मासे

कोलकात्याच्या पूर्वेला शहराचं सांडपाणी कालव्यांतून उथळ तळ्यांत सोडतात. तिथे या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. थोड्याच दिवसांत पाणी हिरवं होतं. बघणाऱ्याला वाटावं, नासलं. खरं तर ते निवळू लागलेलं असतं. जिवाणू घाण कुजवतात, त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. तो सूक्ष्म शेवाळ उन्हाच्या जोरावर पुरवतं. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खत. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात हाच ऑक्सिजन यंत्राने हवा फुंकून द्यावा लागतो, आणि विजेचं बिल तिथेच फुगतं.

रात्री मात्र शेवाळही ऑक्सिजन घेतं आणि पाण्यातला साठा घटतो. म्हणून सांडपाणी बेताबेतानेच आत घ्यायचं, हे तिथले मत्स्यशेतकरी पुस्तक न उघडता जाणतात. वाढलेलं शेवाळ पाण्यातून वेगळं कसं काढायचं, ही अभियंत्यांची जुनी डोकेदुखी. इथे ते काम रोहू, कटला, तिलापिया करतात, आणि तेच पुढे बाजारात जातात! कारखान्यांच्या पाण्यातले जड धातू मात्र जिवाणू-शेवाळाच्या या जोडीला पचत नाहीत. ते पाणी वेगळंच ठेवायला हवं.

सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळीला २००२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.