किल्ली-मूल्य संचय आणि वेब सर्व्हरचा लेखनाधिकार

भायखळ्याच्या जिजामाता उद्यान परिसरातील डाकघराचा पिनकोड ४०००२७ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून रूढ झालेल्या या पद्धतीत सहा अंकी किल्लीवरून वितरणाचे डाकघर निश्चित होते. शिवाय पहिल्या तीन अंकांवरून ते मुंबईचे आहे हेही उमगते. मेमकॅश्डसारख्या किल्ली-मूल्य डेटाबेसमध्ये यातील पहिला गुण तेवढा टिकतो. त्याच्या दृष्टीने किल्ली म्हणजे निव्वळ अक्षरांची माळ. '४०० ने आरंभ होणाऱ्या सर्व नोंदी' त्याला मागता येत नाहीत. हा संकोच पत्करल्यामुळेच नोंदी कितीही वाढल्या तरी शोधाला लागणारा वेळ फारसा वाढत नाही.

हा वेग थेट वेब सर्व्हरच्या हाती यावा म्हणून एंजिन-एक्स या सर्व्हरमध्ये मेमकॅश्डचे मॉड्यूल आहे. बहुधा मागणीतील पत्ता व त्यापुढील प्रश्नभाग जोडून किल्ली बनवितात. मूल्य सापडल्यास ते परस्पर वाचकाकडे जाते. न सापडल्यास ४०४ हा संकेत येतो आणि मागणी मूळ प्रोग्रॅमकडे वळविता येते. (किल्लीला २५० बाइटांची मर्यादा असल्याने लांबलचक पत्ते येथे अडतात.) हे मॉड्यूल केवळ वाचते; मूल्ये भरण्याचे काम अन्य प्रोग्रॅमचे असते.

झांग यीचुन यांच्या 'मेम्क' मॉड्यूलने लेखनाचीही सोय केली, आणि खरा प्रश्न तेथे उद्भवतो. आज्ञा स्पष्ट न नेमल्यास 'गेट' मागणीने मूल्य वाचले जाते, 'पोस्ट'ने नवी नोंद होते, 'पुट'ने जुन्या मूल्यावर नवे लिहिले जाते, 'डिलीट'ने नोंद पुसली जाते. 'पोस्ट'मागील 'ॲड' ही आज्ञा किल्ली आधीच असल्यास नकार देते. 'पुट'मागील 'सेट' विचारीतच नाही. आता किल्ली पत्त्यावरून बनत असेल आणि पत्ता तर मागणी करणारा तिऱ्हाईत ठरवितो, तर कोणाची नोंद पुसावी हेही तोच ठरवितो! वाचनात निरुपद्रवी असलेली रचना लेखनात अशी घातक होते. मेमकॅश्डही सर्वसाधारण मांडणीत सांगकाम्या ओळखपत्र विचारीत नाही.

म्हणून लेखनाची जागा 'इंटर्नल' या निर्देशाने केवळ सर्व्हरच्या अंतर्गत मागण्यांपुरती बंदिस्त ठेवणे आवश्यक ठरते. तरीही मेमकॅश्ड सारे स्मृतीतच ठेवतो. जागा अपुरी पडली की फार काळ न वापरलेल्या नोंदी तो गाळतो, आणि बंद पडताच सारेच जाते. पुन्हा तयार करता येईल असेच मूल्य त्याच्या स्वाधीन करावे.