घोट्याचा आकडा आणि अंगठ्याचा आकडा
मधुमेह आणि रक्तवाहिन्या : लेखांक 6

गेल्या आठवड्यात मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या पाहिल्या. आज मोठ्या धमन्या, त्याही पायाच्या.

पायाची धमनी अरुंद होऊ लागली की चालताना पोटरी भरून येते आणि जरा थांबलं की मोकळी होते. मधुमेहात ही सूचना मिळेलच असं नाही. नसा बधिर झालेल्या असल्या तर दुखणं जाणवत नाही. शिवाय माणूस नकळत चालणंच कमी करतो आणि घरचे ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटवतात. मग चपलेनं घासलेली जागा महिना उलटला तरी भरत नाही, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडतात. इतकं थांबायचं नसेल तर मोजणं आलं.

पेशंटला मोजे काढून पाच-दहा मिनिटं उताणं पडू द्यायचं. बीपीचा पट्टा घोट्याच्या वर बांधायचा, पावलाच्या पाठीवर थोडी जेल लावायची आणि पेनाएवढं डॉपलर यंत्र तिरकं टेकवायचं. धमनीचा सूं-सूं आवाज येऊ लागतो. पट्टा फुगवला की तो बंद पडतो, हवा सावकाश सोडली की परत येतो. परत येतानाचा दाब टिपायचा आणि त्याला दंडाच्या वरच्या बीपीनं भागायचं. दंडात 140 आणि घोट्यात 112 आले, तर उत्तर 0.80. डॉक्टर याला एबीआय म्हणतात. 1.00 ते 1.40 नॉर्मल, 0.90 किंवा त्याहून कमी असेल तर धमनी अरुंद झाली आहे असं धरतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींसाठी ही तपासणी 2003 मध्येच सुचवली होती. तंबाखू ओढणाऱ्यांनी, बीपी किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी आणि दहा वर्षांहून जुना मधुमेह असलेल्यांनी त्याआधीही तिचा विचार करावा, असंही त्यांनी म्हटलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. योहान गेऑर्ग म्योंकेबेर्ग या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं 1903 साली धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं याचं वर्णन केलं. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हे बरंच दिसतं. पायाच्या साध्या एक्स-रेतही कधी कधी धमनीच्या दोन्ही कडा रुळांसारख्या उमटतात. अशी कडक भिंत पट्ट्यानं दबतच नाही. घोट्यात 220 येतात, भागाकार 1.57 होतो. 1.40 च्या वरचा आकडा निदान संशय तरी निर्माण करतो. मला जास्त धास्ती वाटते ती मधल्या आकड्याची. अरुंदपणा दाब खाली खेचतो, कडकपणा वर ढकलतो आणि रिपोर्टवर 1.05 छापून येतं. नॉर्मल! पेशंट खूश, डॉक्टरही खूश.

म्हणून अंगठा मोजायचा. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम बरंच कमी साचतं. अंगठ्याला छोटासा पट्टा आणि टोकाला प्रकाशानं रक्ताची हालचाल टिपणारा सेन्सर, एवढंच लागतं. पाय मात्र उबदार हवा, गारठलेल्या बोटांत वाहिन्या आकसतात. दंडाशी भागून 0.70 किंवा कमी आलं तर घोट्याच्या नॉर्मल आकड्यावर विसंबू नये. डॉपलरचा आवाजही कामाचा असतो. निरोगी धमनीत एका ठोक्याला दोन-तीन पदरी आवाज येतो. पुढे अडथळा वाढला की एकच मंद हुंकार उरतो. कान तयार असलेला तंत्रज्ञ आकड्याआधीच मान हलवतो.

पायाच्या धमन्या अरुंद असतील तर हृदयाच्याही धोक्यात असतात; मग थेट हृदयाचं स्कॅनिंगच का करू नये? पॅकेजच्या जाहिराती तेच विकतात. हृदयाची काहीही तक्रार नसलेल्या 1,100 हून अधिक मधुमेहींवरचा ‘डायड’ अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट स्कॅन केल्यानं हार्ट अटॅक किंवा हृदयविकारानं होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. पायाची तपासणी त्या मानानं स्वस्त, आणि त्या निमित्तानं मोजे तरी उतरतात. तळव्यावरची भेग, बोटांमधली ओल, दाबणारी चप्पल, हे सगळं तिथेच दिसतं.

पायात आजार सापडला की हृदय आणि मेंदूच्या धमन्याही धोक्यात धरायच्या. स्टॅटिन सुरू होतं, बीपी आवरावं लागतं, तंबाखू पूर्ण बंद. रक्त पातळ करणारी गोळी मनानं घेऊ नये, ते डॉक्टर ठरवतील. ज्यांची पोटरी दुखते त्यांनी ती भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, मोकळी झाली की पुन्हा चालायचं. काही महिन्यांत पल्ला वाढतो. पायाला जखम असेल तर मात्र हा व्यायाम सुरू करण्याआधी ती डॉक्टरांना दाखवायची.

पुढच्या आठवड्यात मानेतल्या धमन्या.