गजकर्ण पसरते आहे? दुकानातले मलम लावण्यापूर्वी

मोशेच्या काळी अंगावर डाग उठला की माणसाला याजकाकडे जावे लागे. लेवीय पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात तसे सांगितले आहे. आजही काही जण मिस्सा संपल्यावर आम्हांला चट्टे दाखवतात. ते काम आता डॉक्टरांचे आहे. तरीही दुखणे ओळखावे कसे व टाळावे काय, एवढे येथे सांगतो.

रोप लागवडीच्या दिवसांत ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात. मग कमरेला, जांघेत, काखेत गोल चट्टा उठतो. कडा लाल, उंच व खवलेदार, मधला भाग निवळलेला, खाज भारी. हेच गजकर्ण किंवा नायटा. ही बुरशी आहे, शाप नव्हे. एका टॉवेलातून, अंथरुणातून ती घरभर जाते. वासरू, मांजर यांच्यापासूनही लागते.

खरा घात करते ते मागून आणलेले मलम. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन-चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि गुण आलासे वाटते. पण बुरशी मरत नाही. ती पसरतच राहते. मलम सोडताच चट्टे अधिक जोराने उठतात. कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ पडतात. एका घरी आजोबांची ट्यूब नातवापर्यंत पोहोचली आणि पाचही माणसे खाजवू लागली. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव असल्यास ती स्वतःच्या मनाने लावू नये. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने 2018 साली केला आहे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. सरकारी दवाखान्यात दाखवावे. आधी लावलेली ट्यूब सोबत न्यावी.

2. घरात ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

3. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत.

4. टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. अंग कोरडे ठेवावे.

चट्टा फिकट वा तांबूस असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. लाली झपाट्याने पसरून ताप व ठणका असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

लाजेपोटी दुखणे झाकू नये. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले. मग आपल्याच घरच्या माणसाला आपण लाजवावे का?