सिझर झालं, मग बाळाच्या पोटाचं काय?

सिझेरियन झालेल्या आईला हल्ली एक नवा घोर लागतो. टाके दुखत असतात, दूध नीट उतरलेलं नसतं आणि मोबाइलवर कुणीतरी पाठवतं, की अशा बाळांना पुढे दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा होतो. जन्ममार्गातले चांगले जिवाणू त्यांना मिळतच नाहीत म्हणे. यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेली अर्धी गोष्ट आयांपर्यंत पोहोचायला हवी.

सुरुवात झाली 2010 मध्ये. मारिया ग्लोरिया डोमिंग्वेझ-बेलो यांच्या गटाने व्हेनेझुएलातल्या नवजात बाळांचे नमुने तपासले. नॉर्मल प्रसूतीच्या बाळांवर आईच्या योनीमार्गातले जिवाणू सापडले, सिझेरियनच्या बाळांवर त्वचेवरचे. त्यातून कल्पना निघाली, की योनीतला स्राव कापसाच्या घडीवर घेऊन बाळाला पुसावा. 2016 मध्ये चार बाळांवर तसा प्रयोगही झाला.

मात्र 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 596 बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटलं. बाळाच्या आतड्यात टिकून राहणारे जिवाणू मुख्यतः आईच्या आतड्यातून आलेले होते, योनीमार्गातून नव्हे. नॉर्मल प्रसूतीत बाळाचं डोकं आईच्या गुदद्वाराच्या अगदी जवळून बाहेर येतं, तेव्हाच ही देवघेव होते. सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडीज हा गट फार कमी होता आणि त्याऐवजी एन्टेरोकॉकस, क्लेबसिएला असे रुग्णालयांत नेहमी आढळणारे जिवाणू होते. रिकाम्या डब्यात जो आधी चढतो तो जागा धरतो, तसंच हे. शस्त्रक्रियेच्या वेळी आईला प्रतिजैविकं दिली जातात, त्याचाही यात वाटा असू शकतो. ती टाळता येत नाहीत. आईला जंतुसंसर्गापासून तीच वाचवतात. बाळं काही महिन्यांची झाली तेव्हा मात्र हा फरक बराच कमी झालेला दिसला.

फिनलंडच्या संशोधकांनी 2020 मध्ये थेट मुळालाच हात घातला. आईच्या शीचा अत्यल्प अंश दुधात मिसळून त्यांनी सात सिझेरियन बाळांना पाजला आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू नॉर्मल बाळांसारखे होत गेले. पण त्यासाठी सतरा आयांच्या कसून तपासण्या झाल्या आणि सातच निवडल्या गेल्या. हा प्रयोग किंवा कापसाने पुसण्याचा प्रयोग घरी कुणीही करू नये. हर्पिस किंवा ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकससारखा संसर्ग नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

पुढच्या आजारपणाचं काय? डेन्मार्कमध्ये 700 मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला. सिझेरियनच्या ज्या मुलांच्या आतड्यातला जिवाणूसमूह एका वर्षाच्या वयातही कच्चाच राहिला होता, त्यांच्यात सहाव्या वर्षी दम्याचं प्रमाण जास्त होतं. ज्यांचा तो वर्षाच्या आत वयानुरूप पिकला, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हाच. लठ्ठपणाबद्दल तर स्वीडनमध्ये 97 हजारांहून अधिक तरुणांची माहिती तपासली गेली. आईचं गरोदरपणाआधीचं वजन आणि इतर घटक हिशेबात धरल्यावर सिझेरियनचा लठ्ठपणाशी संबंध उरला नाही.

म्हणजे खरी मुदत पहिल्या वर्षाची, आणि त्यात आईचं दूध मोलाचं. या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. बिफिडोबॅक्टेरिया हे जिवाणू त्यांच्यावर वाढतात. सिझेरियननंतर नेमका इथेच उशीर होतो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 41.8 टक्के बालकांनाच पहिल्या तासात दूध मिळाल्याचं आढळलं. आतड्यातले चांगले जिवाणू जपायचे तर आणखी एक पथ्य पाळावं. सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो, तेव्हा तान्ह्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविकं देऊ नयेत.

कुटुंब आरोग्याच्या याच पाहणीत खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. गरज असताना केलेलं सिझेरियन दोन जीव वाचवतं. बिनगरजेचं का झालं, याचा जाब रुग्णालयांना विचारावा, बाळंतिणीला नव्हे. तिला मदत करायची असेल तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगून ठेवावं, की कंबरेत भूल दिलेली आई जागीच असते, दोघांची प्रकृती ठीक असेल तर बाळ लगेच तिच्या उघड्या छातीवर ठेवा आणि चिकाचं दूध आधी पाजू द्या.