मेंदू हातात घेतल्यावर

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत एक संग्रहालय आहे. तिथे तलवारी नाहीत की नाणी नाहीत. फळ्यांवर ओळीने मांडलेल्या बरण्या आणि त्यांत माणसांचे मेंदू, तीनशेहून अधिक. मेंदूच्या विकृतींचे तज्ज्ञ डॉ. एस. के. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात मिळालेले हे नमुने अनेक वर्षे खपून जमवले. विशेष म्हणजे हे दालन केवळ डॉक्टरांसाठी नाही. शाळकरी मुलेही येतात आणि खरा मेंदू हातात घेऊन पाहतात.

फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला मेंदू रबरासारखा घट्ट लागतो. जिवंत मेंदू तसा नसतो, तो खरवसासारखा मऊ असतो. वजन जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. हा खरवस एका कठीण पेटीत पाण्यावर तरंगतो आहे, अशी कल्पना केली की हेल्मेटचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. डोके मागच्या बाजूला आपटले तरी मेंदू पुढे कवटीच्या खडबडीत हाडावर घासून खरचटतो. कवटीला साधी चीरही नसताना आत रक्त साचू शकते. पुण्यात हेल्मेटवर जेवढे वाद झाले, त्यातल्या प्रत्येक वक्त्याला अशी एक बरणी दाखवायला हवी होती. आणि हेल्मेटचा पट्टा न लावता ते नुसते डोक्यावर ठेवणाऱ्यांनाही; धडक बसली की आधी हेल्मेटच उडून जाते.

दुसरा नमुना रक्तदाबाचा. मेंदूच्या खोल भागात काळपट रक्ताचा गोळा दिसतो. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांना हा गोळा पुष्कळ काही सांगतो, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. आपल्याकडे अर्धांगाला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वारे गेले म्हटल्यावर मालिश सुरू होते आणि मोलाचे तास निघून जातात. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते. फरक कळतो तो सिटी स्कॅनने. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जायला हवे.

सर्वाधिक गैरसमज मात्र तिसऱ्या नमुन्याबद्दल आहे. मेंदूच्या कापात साबुदाण्यासारख्या गाठी दिसतात. ही पट्टकृमीची पिल्ले. मोठ्या वयात नव्याने फिट येऊ लागण्याचे हे आपल्या देशातले एक प्रमुख कारण आहे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसा होईल?’ असे नातेवाईक हमखास विचारतात. अर्धवट शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्याने होतो तो आतड्यातला जंत. मेंदूतल्या गाठी होतात त्या त्या जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या पोटात जंत आहे त्याने शौचानंतर हात न धुता वाढलेले जेवण, विष्ठा मिसळलेल्या पाण्यावरची कोथिंबीर किंवा मुळा, एवढे पुरते. खाणारा मांसाहारी असण्याची गरजच नाही. बाहेरची बाधा नाही आणि पूर्वजन्मीचा दोषही नाही. हा प्रश्न साबण, शौचालय आणि भाजी धुण्याच्या पाण्याचा आहे.

असे पाहून लोक घाबरतात, ही तक्रार खरी आहे. नुसती भीती घालून सवयी बदलत नाहीत, आणि नेमके काय करायचे ते कळले नाही तर माणूस डोळे मिटून घेतो. त्यामुळे बरणीइतकाच बरणीशेजारी उभा राहून समजावणारा माणूस महत्त्वाचा. आणखी एक पथ्य आहे. हे अवशेष कोणाच्या तरी माणसाचे आहेत. तिथे नाव लिहायचे नसते आणि सेल्फीही काढायचा नसतो.

महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही शरीररचना आणि विकृतिशास्त्र विभागांची संग्रहालये असतात. तंबाखूने पोखरलेला जबडा, दारूने दगडासारखे झालेले यकृत, क्षयाने पोकळ झालेले फुप्फुस, सगळे तिथे असते. बहुतेक ठिकाणी दाराला कुलूप असते. ते परीक्षेच्या सुमारास उघडते आणि चिठ्ठ्या असतात इंग्रजीत. बाहेर ओपीडीच्या रांगेत तासन् तास बसलेल्या माणसांना भिंतीपलीकडे काय आहे याचा पत्ता नसतो. आठवड्यातली एक दुपार, मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि बोलायला आवडणारा एखादा निवासी डॉक्टर एवढ्यावर हे सुरू करता येईल. सुरुवात जबड्याच्या बरणीपासून करावी. रांगेतल्या अनेकांच्या खिशात तंबाखूची पुडी असतेच.